अकरावा गोटा

सुगंधाबाई बोरकुटेला विचारायची खोड होती. साधीसुधी नव्हे, हाडीमांशी खिळलेली. बसमध्ये कंडक्टरला विचारणार, "भाऊ, आता तिकीट मशीनीतून निघते, मंग कानावर पेन काऊन ठेवता?" दवाखान्यात डॉक्टरला विचारणार, "मी जीभ दाखवली, तुमी पाह्यली, पण तुमाले दिसलं काय?" कोसमगोट्याची माणसं तिला पाहून वाट बदलायची असं म्हटलं तर जास्तीचं होईल, पण पाय उचलून चालायची एवढं खरं.

खोड जुनी होती. पंचेचाळीस वर्षांपूर्वी पाहुणे तिला पाहायला आले. पोरीनं अशा वेळी मान खाली घालून बसायचं, विचारलं तेवढंच सांगायचं. हिनं पोह्यांच्या ताटल्या ठेवल्या आणि होणाऱ्या सासऱ्यालाच विचारलं, "मामाजी, तुमच्या गावच्या बांध्यांमंधी ते गोटे उभे आहेत, ते कोणी रोवले जी?" मंडईला जाता-येता तिनं ते रस्त्यावरून पाहिले होते. सासरा मोकळा माणूस. हसून म्हणाला, "पांडवांनी." तिनं विचारलं, "कशापायी?" तो म्हणाला, "ते आता पांडवालेच पुसा लागन बाप्पा!" लग्न ठरलं. पोरीनं पोरगा पाहून होकार दिला की गोटे पाहून, यावर तिच्या माहेरी पुढं कितीतरी दिवस थट्टा चालायची.

आमच्या झाडीपट्टीत धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला बांधी म्हणतात आणि तिच्या कडेच्या मातीच्या बांधाला धुरा. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. नागभीड सोडून तळोधीकडं निघालं की डाव्या हाताला आमचं कोसमगोटा लागतं. तिथल्या बांध्यांमध्ये, तलावापासून टेकडीपर्यंत, अकरा गोटे उभे होते. कुठला माणसाएवढा, कुठला छातीएवढा. ना नाक, ना डोळे, ना कोरीव काम. कोणी म्हणे राक्षसांनी एकमेकांवर फेकले. कोणी म्हणे इंग्रजांच्या मोजणीच्या खुणा. शेजारच्या बांधीचा पत्रू कुमरे, गोंड माणूस, त्याचं म्हणणं सगळ्यात सरळ होतं. "आमचे नाईत," तो म्हणायचा. "आमचे लोक आले तवाच उभे होते." सुगंधाबाईनं सगळ्यांचं ऐकलं आणि कोणाचंच तिला पटलं नाही.

आता तिच्या कामाविषयी सांगायला पाहिजे. ती रोवणा करणाऱ्या बायांच्या टोळीची म्होरकी होती. धानाचा रोवणा हे मागं मागं सरकत करायचं काम. कमरेत वाकायचं, डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हातानं चिखलात रोप खोचायचं आणि एक पाऊल मागं. पुढं काय येतं ते दिसत नाही, मागं काय गेलं तेवढंच दिसतं. म्होरकीनं प्रत्येकीला तिचा पट्टा वाटून द्यायचा, त्याला पात म्हणतात. दोन्ही बाजूंना हात पोचेल एवढी एकेकीची पात. बांधीत गोटा असला की पंचाईत. मागं सरकणारी बाई त्याच्यावर आपटायची. म्हणून पात वाटतानाच सुगंधाबाई हिशेब करायची: अंजनाबाईची पात सुटली की गोटा, त्याच्या पलीकडं माझी. चाळीस वर्षं दर पावसाळ्यात तिनं हे केलं. ते तिच्या डोक्यात होतं की कमरेत, देवाला माहीत.

करोनाच्या पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गावात एक तरुण आला. डोक्यावर टोपी, गळ्यात कॅमेरा, पायात चिखलानं माखलेले बूट. नागसेन वाळके त्याचं नाव, घर ब्रह्मपुरीचं, नागपुरात जुन्या वास्तूंचा अभ्यास करायचा. सुगंधाबाई धान कापत होती. तो धुऱ्यावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, एक विचारू का? हे गोटे कोणी रोवले, गावात काही सांगतात का?"

विळा तिच्या हातातच राहिला. एवढ्या वर्षांत हा प्रश्न दुसऱ्या कोणाच्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकला होता.

"अरे बापा," ती म्हणाली, "मी तुलेच पुसणार होती!"

मग काय, दोघांची जी गट्टी जमली! त्यानं सांगितलं की हे गोटे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे असू शकतात. त्या काळी आपल्या भागात लोखंड गाळणारे, धान पिकवणारे लोक होते, मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी ते असे गोटे उभे करत. पण हे थडग्यावरचे आहेत, नुसत्या आठवणीचे, की आणखी कशाचे, ते सांगायचं तर आधी नकाशा पाहिजे. कुठला गोटा कुठल्यापासून किती हात, कुठल्या दिशेला. "एकटा गोटा काही सांगत नाही बाई," तो म्हणाला. "सगळे मिळून सांगतात."

ग्रामसभेतही तो बोलला. ताडोब्याला वाघ पाहायला इतकी माणसं येतात, त्यांना एक दिवस इकडं वळवायचं. जुनी देवळं, लेणी, तलाव, किल्ले आणि हे गोटे, असा एक वारसा मार्ग आखायचं चाललं आहे. पाहुणे गावात राहतील, गावच्या हातचं जेवतील, गावचीच पोरंपोरी त्यांना फिरवतील. सरपंच गुणवंतराव खुर्चीत पुढं सरकून बसले. नागसेननं पटापट फोटो घेतले आणि सांगितलं की मोजणीचं यंत्र घेऊन लवकरच येतो. लवकरच म्हणजे दोन वर्षं लागली. फायल कुठं अडली होती, ती का सुटली, हे अशा गोष्टींत विचारायचं नसतं.

त्या दोन वर्षांत गुणवंतरावांनी काय केलं ते ऐका. माणूस सज्जन, हेतू सोन्यासारखा. त्यांना एकाच गोष्टीची काळजी लागली: पाहुणे येतील ते गाडीतून, चांगल्या कपड्यांत, लेकराबाळांना घेऊन. त्यांना धुऱ्याधुऱ्यानं चिखल तुडवत न्यायचं? झाडीतल्या माणसाला पाहुण्याच्या पायाला चिखल लागला तर जेवण गोड लागत नाही. त्यांनी श्रमदान लावलं. ट्रॅक्टर, साखळदंड, वीस पोट्टे. चार दिवसांत अकराही गोटे बांध्यांतून उपटले आणि शाळेसमोर, डांबरी रस्त्याला लागून, सिमेंटच्या ओट्यावर दोन रांगांत बसवले. उंचीप्रमाणे. लहान पुढं, मोठे मागं, वर्गाच्या फोटोत उभे करतात तसे. ऑइलपेंटनं एक ते अकरा आकडे घातले. वर पत्र्याची सावली, खाली फरशी, बाजूला बसायला बाकडं. खड्डे बुजवून बांध्या सपाट केल्या. त्यावर दोन रोवणे होऊन गेले.

आणि मग नागसेन यंत्र घेऊन आला.

तो ओट्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याचं तोंड पाहवत नव्हतं. गुणवंतराव चहा घेऊन आले, म्हणाले, "कसं काय साहेब? पाऊस आला तरी पाहुणा कोरडा!" नागसेन बाकड्यावर बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "सरपंचसाहेब, गोट्याला काय किंमत? नाल्यात असे शेकडो पडलेत. ते कुठं उभे होते, तोच तर सगळा इतिहास होता."

गुणवंतरावांनी बशी खाली ठेवली. "मंग परत नेऊन रोवू ना! आजच!"

"कुठं?"

घोडं तिथंच अडलं. एक म्हणे आंब्याच्या बांधीत मधात होता, दुसरा म्हणे छट्, कडेला होता. ट्रॅक्टरवाल्याला फक्त डिझेल आठवत होतं. नागसेनच्या फोटोंत गोटे जवळून घेतलेले, मागं सगळीकडं सारखंच धान. फोनमधल्या नकाशाचा अंदाज दहा-दहा पावलांनी चुकत होता. बारा दिवसांनी मार्ग ठरवणारी समिती पाहणीला येणार होती. मूळ जागा पुराव्यानिशी दाखवल्या तर कोसमगोटा यादीत राहणार, नाहीतर नाव वगळणार आणि पुढचं संशोधनही तिथंच थांबणार. गुणवंतरावांना यादीची काळजी होती. सुगंधाबाईला दुसरीच. जागा गेल्या म्हणजे तिचा प्रश्नच गेला. पांडव की राक्षस की आणखी कोणी, आता कधीच कळणार नाही.

"मी दाखवू काय?" ती म्हणाली.

माणसं हसली. आंब्याच्या बांधीत ती गेली, उभी राहिली, इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि तिलाच काही सुचेना. उभं राहून ही बांधी तिनं कधी पाहिलीच नव्हती! तिनं पदर खोचला, धुऱ्याला पाठ... नव्हे, धुऱ्याकडं तोंड केलं, कमरेत वाकली आणि रिकाम्या हातांनी कोरड्या मातीत रोप खोचत मागं मागं निघाली. "ही रिनाच्या सासूची पात... ही अंजनाबाईची... आता अंजनाबाई म्हणन, सुगंधे, गोटा आला वो, सांभाळ..." आणि थांबली. टाच मातीत दाबली. "इथी."

नागसेनजवळ लोखंडाची बारीक सळई होती. धानाच्या बांधीत वर्षानुवर्षं चिखलणी होते, त्यामुळं वीतभर खाली माती दगडासारखी घट्ट बसते. सळई तिथं अडते. पण खड्डा बुजवलेला असेल तर माती मोकळी. त्यानं आजूबाजूला चार ठिकाणी सळई दाबली, चारही ठिकाणी ती अडली. सुगंधाबाईच्या टाचेशी दाबली आणि ती कोपरापर्यंत खाली गेली.

कोणी हसलं नाही मग. तीन दिवस ती वाकून मागं मागं चालत होती आणि मागून अख्खं गाव. दहा जागा तिनं दाखवल्या, दहाही जागी सळई उतरली. नागसेन पोरासारखा टाळ्या वाजवायचा. गुणवंतरावांनी भर बांधीत तिला नमस्कार केला, ती म्हणाली, "अवो सरपंच, जरा हटा, तुमी आठव्या गोट्यावर उभे आहा."

अकराव्याला तिची गरजच पडली नाही. तो तिच्याच शेताच्या आणि पत्रूच्या शेताच्या मधल्या धुऱ्यावर होता, साऱ्या गावाला ठाऊक होतं. तिचा लेक धनराज यानंच जागा दाखवली. सळई उतरली. नागसेननं खूण केली. सुगंधाबाई तेव्हा तिथं नव्हती. पाय दुखतात म्हणून घरी गेली होती. पाय काही दुखत नव्हते.

दिवेलागणीला नागसेन तिच्या ओसरीवर आला. हातात चौकड्यांचा मोठा कागद, त्यावर अकरा ठिपके. आनंदानं त्याला बसवत नव्हतं. "बाई, हे पाहा! दहा गोटे तलावापासून टेकडीच्या शेंड्यापर्यंत एका दोरीत आहेत. दोरी लावली तर बोटभर फरक नाही. आणि हा अकरावा, तुमच्या धुऱ्यावरचा, तेवढा सहा हात बाजूला! दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी इतकी सरळ ओळ आखणारी माणसं, एक गोटा चुकवतील का? मुद्दाम ठेवलाय तो. सूर्य उगवण्याशी संबंध असेल, कोणी मोठा माणूस असेल, कोणी वेगळ्या कुळातला असेल. मी समितीपुढं हाच मुद्दा मांडणार." गुणवंतराव मागोमाग आलेच होते. त्यांच्या डोक्यात फ्लेक्स छापून तयार होता: अकराव्या गोट्याचं रहस्य. पाहुणे तर हेच पाहायला येतील, ते म्हणाले.

"तुम्हाला काय वाटतं बाई?" नागसेननं विचारलं. "काऊन असेल हा बाजूला?"

जन्मभर काऊन काऊन करणारी बाई मूग गिळून बसली.

कारण तिला ठाऊक होतं. बत्तीस वर्षांपूर्वीचा उन्हाळा होता, तेंदूपत्त्याचा हंगाम. पत्रूचं सगळं घर पानं तोडायला पंधरा दिवस जंगलात गेलेलं. भर दुपारी, कुत्रंही बाहेर निघत नाही अशा उन्हात, तिचा नवरा वारलू तिला शेतावर घेऊन गेला. त्यानं धुरा सहा हात पत्रूच्या बाजूला सरकवला होता, नवी माती टाकून पक्का केला होता. राहिला होता गोटा. तो जागेवर राहिला तर चोरी उघडी पडणार. बैलजोडी, दोर आणि दोन सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, घेऊन दोघांनी तो दोन दुपारी ओढला. "हे काऊन करून राह्यलो आपण?" तिनं विचारलं होतं. वारलू म्हणाला, "तू फक्त दाब दे." तिनं दाब दिला. पुन्हा विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी वारलू गेला. गुणवंतरावांनी गोटा उपटून ओट्यावर नेला, त्या दिवशी तिला हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली होती.

जेवताना तिनं धनराजला सगळं सांगितलं. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. पण पुढच्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं आणि तो उभाच राहिला. "आई, आपला बोअर त्याच पट्ट्यात आहे!"

"ठाऊक आहे."

"तीन बोअर कोरडे गेले तवा हा लागला. उन्हाळी धान, भाजी, सगळं त्याच्यावर. अन् बाबा? बाबा गेले ना आता! गावात त्याच्या नावानं काय काय बोलतीन लोकं! त्या साहेबाले गोटा इकडं काय न् तिकडं काय? उलट तो खुश आहे. गाव खुश आहे. पत्रूभाऊ कधी एक सबद बोलला? तू काऊन उकरून राह्यली?"

त्याचं चुकत नव्हतं, हीच तर अडचण होती. तिनं ताट सारलं. "धना," ती म्हणाली, "मले कोणी खरं सांगितलं नाई. मामाजीनं पांडव सांगितले, कोणी राक्षस. त्याईले ठाऊकच नवतं, त्याईचा काय दोष? पण हे मले ठाऊक आहे ना रे! उद्या एखादी पोट्टी येईन, माह्यासारखी, पुसन हा गोटा बाजूले काऊन, अन् तिले सूर्य सांगतीन, चंद्र सांगतीन. ती जन्मभर त्याचाच इचार करन. तिथी सूर्य नाई, चंद्र नाई, तुहा बाप आहे अन् मी आहे." आणि ती रडायला लागली. धनराज अंगणात निघून गेला.

सकाळी उन्हं वर आल्यावर ती धुऱ्यावर गेली. नागसेन होता, गुणवंतराव होते. पत्रूला तिनंच बोलावणं धाडलं होतं. सत्तरीचा उंच माणूस, खांद्यावर टॉवेल टाकून धुऱ्यापलीकडं उभा राहिला. धनराज बोअरजवळ, पाठ करून.

"साहेब, आणखी एक पात राह्यली," ती म्हणाली. धुऱ्याकडं तोंड करून वाकली आणि मागं मागं आपल्याच शेतात शिरली. एक पाऊल, दोन पावलं. धुऱ्यापासून सहा हातांवर, बोअरच्या पलीकडं, थांबली. "इथी."

"आई!" धनराज ओरडला.

नागसेनला काही कळेना. धुऱ्यावरची जागा तर सापडली होती. पण या बाईची टाच दहा वेळा खरी ठरलेली. त्यानं सळई दाबली. ती उतरली, कोपरापर्यंत, त्याही खाली, आणि मग खट्कन दगडावर वाजली. बाजूला दाबली, पुन्हा खट्ट. तो गुडघ्यावर बसला. "खाली पाचरीचे दगड आहेत," तो पुटपुटला. "उभा गोटा हलू नये म्हणून चहूबाजूंनी ठोकतात ते. बाकीच्या दहा खड्ड्यांत लागले होते. धुऱ्यावरच्या खड्ड्यात नव्हते, मी म्हटलं, असेल काही." त्यानं कागदावर बोट ठेवलं. ठिपका सहा हात सरकवला की अकराही एका दोरीत. मग मान वर करून त्यानं तिच्याकडं पाहिलं. "मग तो धुऱ्यावरचा खड्डा कोणी खणला?"

"आमी. मी अन् धनराजच्या बाबानं. बत्तीस वर्सं झाली. तेंदूच्या हंगामात, पत्रूभाऊ जंगलात होते तवा." तिनं पत्रूकडं तोंड वळवलं. "पत्रूभाऊ, खरा धुरा इथी होता. इथून तिथवर जागा तुमची आहे, बोअरसकट. गुणवंतभाऊच्या म्होरं सांगून राह्यली. कागद करा लागन तो करू."

गुणवंतराव नुसते खाकरले. धनराजनं वळून पाहिलं नाही. सगळ्यांना वाटलं, आता पत्रू शिव्या घालणार. घालायलाच पाहिजे होत्या. पण तो जमिनीकडं पाहतच नव्हता. सुगंधाबाईकडंही नाही. त्या सळईकडं पाहत होता.

"तेंदूच्या हंगामात?" त्यानं विचारलं.

"हो भाऊ."

पत्रू धुरा ओलांडून आला. सळईजवळ उकिडवा बसला. "आमी जंगलातून आलो," तो सांगायला लागला, "त्या दिवशी बापानं पाह्यलं. लालसू नाव माह्या बापाचं. म्हणे, गोटा आपल्या घराकडं चालून आला. मले एक डाव तुमच्या वारलूभाऊवर शंका आली. पण बाप म्हणे, एवढा गोटा माणसाच्यानं हालते काय? म्हणे, तो मलेच न्याले निघाला. माह्या हातून काई चुकलं असन. कोंबडा दिला, मोहाची दारू दिली. तरी त्याचं मन थाऱ्यावर नाई. माह्या हाती एक बांबू दिला. म्हणे, पत्रू, रोज सकाळी घराच्या उंबऱ्यापासून माप, आज किती आला पाह्य. मी रोज मापू. त्याले सांगू, अखिन पुढं आला नाई. त्याले पटे नाई. एखाद्या दिवशी बांबू बोटभर इकडंतिकडं झाला, तर दिवसभर जेवे नाई. तीन वर्सं मी मापलं बाई. तिसऱ्या पावसाळ्यात त्याचं खाटेवरून उठणं बंद झालं. शेवटच्या दिवशीही मले म्हणे, जा, पाह्य, कुठवर आला."

नागसेननं टोपी काढली होती. धुरा, बोअर, लोकांचं बोलणं, सगळ्यासाठी सुगंधाबाईची तयारी होती. यासाठी नव्हती. सहा हात जमीन परत देता येते.

पत्रूनं तिच्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच. त्याच्या डोळ्यांत राग असता तर तिला बरं वाटलं असतं. लहान पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "मंग तो चालतच नवता?"

"नाई भाऊ," ती म्हणाली. "तो कोणाकडंच चालून आला नाई. तुमच्या बापाचं काईच चुकलं नवतं. आमी ओढला त्याले."

पत्रूनं सळईवरचा हात काढला आणि दोन्ही तळवे त्या मातीवर ठेवले. मग तो खाली वाकून गोंडीत बोलायला लागला, हळूहळू, थांबत थांबत. सुगंधाबाईला गोंडी येत नव्हती. त्यातलं लालसूचं नाव तेवढं तिला कळलं.